पुलापलीकडचे पॅसेंजर

बस बाजाराच्या थांब्यावर येऊन उभी राहिली आणि आईने हँडब्रेक ओढला.

"कंडक्टर, पुढचा रस्ता कुठे गेला?"

"पुलाचं काम चालू आहे, आई. इथूनच वळवायची."

"अजून चालूच? कंत्राटदार काय तुझा मामा लागतो, एवढं सांभाळून घेतेस ते?"

चिमीला हसू आलं, पण तिने ते गिळलं. टेबलाला आवळून बसवलेलं स्टिअरिंग, खाली पेडल, समोर मोठा पडदा, आणि पडद्यावर त्यांचंच शहर. आईने उभं आयुष्य सिटीबस चालवली होती. आता सकाळी काय खाल्लं ते तिला आठवत नव्हतं, पण गिअर कधी टाकायचा ते हातापायांना पाठ होतं. रोज ती ड्युटीचा शर्ट चढवून बसायची आणि कॉम्प्युटरवरचा हा खेळ तिची ड्युटी व्हायचा.

तयारी सगळी चिमीची. शेजारच्या छोट्या पडद्यावर एक प्रोग्राम उघडा असे. हौशी लोकांनी आपापल्या घरी बसून बनवलेली पॅकेजं त्यात एकाखाली एक दिसत: डेपो, शाळेचा रस्ता, बाजार, पाऊस, गर्दी. नावापुढे खूण केली की ती गोष्ट शहरात हजर. खूण काढली की गायब. सगळंच एकदम जोडलं तर कॉम्प्युटरला धाप लागायची, म्हणून ती रोज निवडून जोडायची. 'पूल' या नावापुढे मात्र तिने आजवर खूण केली नव्हती.

त्याच पुलावर तिची गाडी कठड्यात घुसली होती. पत्रा कापून तिला बाहेर काढेपर्यंत दुपारची संध्याकाळ झाली. मोडलेला पाय सांधला. पण घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडली ती पडूनच. महिने गेले. मग एके सकाळी आई शर्ट घालून पलंगापाशी येऊन उभी राहिली. "माझी बस कुठे लावलीस गं?" त्या दिवशी चिमी आपणहून उठली. न उठून सांगते कुणाला?

तेव्हापासून ती आईला बांधली गेली. नोकरी सुटली. मैत्रिणी फोन करून थकल्या. आई भरकटून कुठे निघून जाईल म्हणून दाराला आतून कुलूप आणि किल्ली चिमीच्या गळ्यात. भाजी, औषधं, सगळं दारात यायचं. कधी खिडकीशी उभं राहून खालचा रस्ता बघताना तिचा जीव गुदमरायचा. आईचा राग यायचा, आणि पाठोपाठ त्या रागाची लाज.

मावशी आली की तिचं एकच टुमणं. "जा गं, जरा पाय मोकळे करून ये. मी बसते हिच्यापाशी."

"तुला नाही जमायचं. ती बस मागायला लागली की काय करशील?"

"माझ्या बहिणीला मी तुझ्याआधीपासून ओळखते."

"ती आता स्वतःलाच ओळखत नाही, मावशी."

मावशीने आईकडे पाहिलं होतं. आई शर्टाचं एकच बटण लावत होती, काढत होती.

आज मात्र आई बस वळवेना.

"पलीकडे माणसं ताटकळलीत. अर्ध्यातून फेरी सोडून मी कधी माघारी आले नाही."

"उद्या जाऊ, आई."

"कालही उद्याच म्हणालीस."

चिमीने चमकून पाहिलं. आई शून्यात बघत होती. बोलून गेली असेल आपली. हँडब्रेकवरचा तिचा हात मात्र हलेना. चहा गार झाला, जेवण राहिलं. शेवटी चिमीने चिडूनच 'पूल'पुढे खूण केली.

पडद्यावर नदी पसरली. पूल उभा राहिला, कठड्यासकट.

"बस शेजारी. कंडक्टरशिवाय मी गाडी हलवत नाही."

चिमी खुर्ची ओढून बसली. पुलाच्या मधोमध आईने स्टिअरिंगवरचा हात काढला.

"आखडलाय हात. धर जरा."

"आई, नको!"

बस कठड्याकडे ओढली जाऊ लागली. चिमीने झडप घालून स्टिअरिंग पकडलं. कानात पत्रा फाटत होता. डोळे गच्च मिटून घ्यावेत असं वाटलं, पण मागे माणसं बसली होती.

"समोर बघ," आई म्हणाली. "कठड्याकडे बघत राहिलीस तर गाडी तिकडेच जाते."

चिमीने समोर पाहिलं. खांब एकेक करत मागे गेले. पूल संपला, थांबा आला, दार उघडलं आणि ताटकळलेली माणसं चढू लागली. चिमी स्टिअरिंगवर डोकं ठेवून ढसाढसा रडली. आईने खिशातला रुमाल पुढे केला.

"पहिल्या फेरीला सगळेच रडतात. नवीन आहेस का गं इथे?"

चिमीने मान हलवली आणि ती तोंड धुवायला गेली. पाण्याचे हबके मारून तिने नळ बंद केला, तेव्हा खोलीतून आईचा दबका आवाज आला. फोनवर मावशी होती.

"हो, स्वतः नेली तिने पलीकडे... वेडी आहेस का? इतक्यात तिला काही बोलू नकोस. अजून उंबऱ्याबाहेर पाऊल कुठे टाकलंय पोरीनं? तोवर मी विसरलेलीच बरी."