कडेचं लाल

“आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग बाजूचं. समोरचं तेवढं शेवटपर्यंत राहतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, सुनंदा. आमच्या जयवंतदादाला घरात सगळे वेंधळा म्हणून मारायचे. माझ्या सिद्धूचं तसं काही दिसलं तर थांबू नकोस. डॉक्टर दुसऱ्या दिवशी. आधी त्याला दादाकडे ने. त्याला काय होतंय ते दादाच्याच तोंडून त्याला कळू दे.”

थोरल्या जाऊबाई, नर्मदाताई, शेवटच्या आजारात हे बोलल्या होत्या आणि सुनंदाने त्यांचा हात हातात घेऊन हो म्हटलं होतं. जयवंतमामा आता अर्नाळ्याला ओटीवर काठी घेऊन बसलेले असत. तापात डोळे गेले, असं पोरांना सांगितलेलं होतं.

ताई गेल्यापासून सुनंदाचा रविवार अळणी असे. सकाळी सूर्यनारायणाला अर्घ्य द्यायचं, बिनमिठाचं एकदाच जेवायचं, तेही दिवस मावळायच्या आत. मागणं एकच, पोराचे डोळे.

आजही रविवार. पापडी गावातल्या घरात ऊन उतरलं होतं आणि ती स्वतःचं पान वाढून घेत होती. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे ताईंचा सिद्धेश आणि तिची रिद्धी बसली होती.

हल्ली सुनंदाला तशी काळजी उरली नव्हती. पोरं टीव्हीला गेमची कॅसेट लावून खेळायची तेव्हापासून गल्लीत सिद्धेशचा हात धरणारं कुणी नव्हतं. ठोकळ्या-ठोकळ्यांचा माणूस, सपाट निळं आभाळ, वर कोपऱ्यात तीन लाल बदाम. एक बदाम विझला की एक जीव गेला. अलीकडे तर तिन्हीसांजेनंतर तो उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसे. गेमचं वेड लागलंय, असं सगळे म्हणत. सुनंदा मनात म्हणे, लागेना का. इतकं बारीक ज्याला दिसतं, त्याच्या डोळ्यांना काय होणार आहे?

रिद्धीने मैत्रिणीकडून नवी सीडी आणली होती. पडद्यावर खराखुरा माणूस चालत होता. त्याच्या शर्टाला चुण्या होत्या, भिंतींना ओल आलेली होती, डबक्यातल्या पाण्यात दिवा हलत होता. आकडे नाहीत, बदाम नाहीत. नुसतं सगळं खरं.

“सिद्ध्या, मागे हो! मरतोयस!”

“कोण मारतंय?”

“कोण काय कोण! आख्खी स्क्रीन लाल झालीय. आंधळा आहेस का?”

पडद्यावरचा माणूस गुडघ्यावर आला आणि आडवा झाला.

“बोगस गेम आहे,” सिद्धेश म्हणाला. “जुना बरा होता. वर बघितलं की कळायचं, किती बदाम राहिले.”

“आजोबा झालास तू. आता बदाम-बिदाम नसतात रे. लागलं की कडेकडेने रक्त येतं. जास्त लागलं की जास्त. लहान बाळाला पण समजेल.”

“कडेला काही नव्हतं.”

“नव्हतं म्हणे!”

भात वाढता वाढता सुनंदाचा हात थांबला. ती बाहेर आली आणि सिद्धेशच्या खुर्चीमागे उभी राहिली.

“परत लाव गं.”

“अगं बाई, आईला पण नाद लागला. उपासाच्या दिवशी?”

“लाव म्हटलं ना.”

गेम पुन्हा सुरू झाला. सिद्धेशने समोरच्या खिडकीतला एक शत्रू टिपला. लांब, गच्चीवरचा, डाळीच्या दाण्याएवढा दिसणारा दुसराही टिपला. मग बाजूने गोळ्या यायला लागल्या. पडद्याच्या चारी कडांतून लाल रंग आत सरकू लागला. दाट होत गेला. मधे वाटीएवढी जागा तेवढी स्वच्छ राहिली. सिद्धेश त्या वाटीत टक लावून बसला होता आणि त्याच्या दोन्ही गालांवर तांबूस उजेड पडला होता.

“सिद्धू, लाल दिसतंय का रे?”

“कुठे?”

रिद्धी हसायला लागली होती. तिने आईकडे पाहिलं आणि ती गप्प झाली.

मग सिद्धेश बटणांवरचे हात न काढता हळू आवाजात म्हणाला, “काकी, सकाळी तुझा तांब्या मी मुद्दाम नाही लाथाडला.”

सकाळी अर्घ्याचा भरलेला तांब्या त्याच्या पायाने लवंडला होता. वेंधळा कुठला, असं तीच त्याला म्हणाली होती.

“माहितेय मला,” ती म्हणाली. तिला आत्ता माहीत झालं होतं.

ती आत गेली. वाढलेल्या पानावर तिने दुसरं ताट पालथं घातलं, देवापुढे हात जोडले आणि पिशवी घेतली.

“शर्ट बदल, सिद्धू. अर्नाळ्याला जायचंय, मामाकडे.”

“आत्ता? अंधार पडेल, काकी.”

“पडू दे.”

“आई, दोन घास खाऊन तरी जा,” रिद्धी म्हणाली. “दिवस बुडाला की तुला चालत नाही.”

“बाबांना सांग, आम्हाला उशीर होईल. आणि तो कॉम्प्युटर बंद कर.”

एसटीच्या थांब्याकडे जाणारी वाट केळींमधून होती. पानांखाली अंधारून आलं होतं. सिद्धेश खाली बघत, पाय चाचपून टाकत चालला होता. पाण्याच्या पाटावरच्या फळीपाशी तो थांबला.

“काकी, कुठे राहिलीस? ये ना.”

सुनंदा त्याच्या बाजूलाच होती, हातभर अंतरावर. ती पुढे झाली, फळी ओलांडली, त्याच्या अगदी समोर येऊन उभी राहिली आणि हात पुढे केला.