काचेवरचा जास्तीचा तारा

"अंगणातला दिवा कुणी लावला? फोटो बिघडतील ना!" वेधशाळेच्या प्रमुख खांबेटेबाई गच्चीवरून कडाडल्या.

"दिवे बंदच आहेत, बाई," डार्करूममधून फोटोच्या दोन ओल्या काचा घेऊन गच्चीवर आलेली त्यांची सहकारी झरीना म्हणाली. "पण हे बघा ना! मृग नक्षत्रात एक तारा जास्तीचा आलाय."

"रसायनाचा डाग असेल. मला तर आकाशात तिथं काहीच दिसत नाही."

"दोन्ही काचांवर तिथंच आहे!"

बाई थबकल्या. हल्ली सगळ्यांचे चष्मे, कॅमेरे, अगदी मोठ्या दुर्बिणीसुद्धा आकाशातल्या उपग्रहांच्या रेघा आपोआप पुसत, आणि नकाशात नसलेलं बाकी सगळंही कचरा समजून झाकून टाकत. हे फोटो काढणाऱ्या दीडशे वर्षांच्या दुर्बिणीत मात्र नुसती भिंगं होती.

बाईंनी चष्मा काढून वर मृगाकडे पाहिलं आणि झगझगीत प्रकाशानं त्यांचे डोळे दिपले.

खाली हिरवळीवर आकाश पाहायला आलेली माणसं माना वर करून निवांत बसली होती. प्रत्येकाच्या मागे गवतावर ठसठशीत सावली पडली होती.

"अहो, चष्मे काढा!" बाई कठड्यावर ओणवून ओरडल्या. "सगळ्यांनी आधी ते चष्मे काढा!"