चिमीचं कूळ

दिशाला बघायला मुलुंडला आलेली मंडळी आधी तिची कुत्री चिमी हिला बघण्यातच रमली.

"कान बघा, लॅब्रेडॉरचेच!" मुलाचे वडील म्हणाले.

"अहो, पण शेपूट पॉमेरेनियनचं," मुलाच्या आईने चिमीला मांडीवर घेत दुरुस्ती केली.

"आणि नाक आपलं गावठी," मुलगा हसला. "मिक्स आहे यार, झकास!"

"मिक्सच बरी," पोह्यांचा घास घेत वडिलांनी निकाल दिला. "शुद्ध जातीची कुत्री सारखी आजारी. दोन रक्तं एकत्र आली की अंगाने काटक आणि डोक्याने तल्लख!"

दिशाच्या आईला, मालनला, हायसं वाटलं. आधीची स्थळं ज्या प्रश्नावर अडली होती, त्याच्या धास्तीने तिने आजचा सोमवार निर्जळी धरला होता. इतक्या मोकळ्या मनाची माणसं देवानेच धाडली म्हणायची! त्यामुळे "मुलीचं मामेकूळ कुठलं हो?" असं विचारलं गेलं, तेव्हा ती या वेळी चाचरली नाही.

"माझं माहेर खारदांड्याचं, आम्ही कोळी. आणि हे कणकवलीचे मराठा. आमचं लव्हमॅरेज ना!"

पोह्यांच्या बश्या अर्ध्यावरच खाली ठेवल्या गेल्या. "बघू, कळवतो," म्हणत मंडळी उठली. चपला घालता घालता मुलाच्या आईने चिमीला प्रेमाने कुरवाळलं.



"हिला पिल्लं झाली की एक आमच्यासाठी ठेवा बरं का. असं मिक्स शोधून मिळत नाही हो!"