मधलं बटण

“पहिल्या खुणेत काय आसा?” रखमाने विचारलं.

तिचा नवरा लवू स्टुलावर बसून ओव्हनच्या मधल्या बटणाकडे वाकून बघत होता. “चौकोन. चौकोनात खाली रेघ.”

“म्हणजे खालचो जाळ. फुडे?”

“रेघ वर.”

“वरचे निखारे. मगे?”

“वर नि खाली, दोन्ही.”

“ता धोंडसाचा,” रखमा म्हणाली. मोठ्या काकडीचं, गूळ-रव्याचं धोंडस ती गावी असंच भाजायची. पातेल्याखाली निखारे, झाकणावर निखारे.

“शेवटाक दोन रेघो आणि मधी फूल.”

“फूल कसला?”

लवूने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. “फूल नाय गो. पंखो.”

“जाळात पंखो कित्याक?”



रखमाची नजर साखरेच्या आजाराने गेली होती. तरी ओटा तिने सोडला नव्हता. गिरणीच्या संपात लवूचं काम थांबलं ते कायमचं, आणि तेव्हापासून घर चाललं ते तिच्या खानावळीवर. त्यामुळे लालबागच्या या नव्या इमारतीत आल्यावरही तिला ओट्यापासून कुणी बाजूला हो म्हणत नव्हतं. मग एकदा गॅसवर पदर पेटला. शेजारीण धावली म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवसापासून मुलगा विश्राम कामावर जाताना रेग्युलेटर काढून कपाटात ठेवू लागला.

रखमा भांडली नाही. ती खाटेवर बसून राहू लागली. “माका गावाक पोचवा. थंय चूल आसा,” एवढंच म्हणायची. गावच्या घराला कुलूप होतं. तरी एक दिवस तिने चाचपडत आपली लुगडी पिशवीत भरली आणि पिशवी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली.

मग सुनेने ओव्हन आणला. “आई, यात जाळ दिसत नाही. वेळ झाली की घंटी वाजते आणि आपोआप बंद होतो,” ती म्हणाली. ऑफिसला निघता निघता तिने बटणं समजावली. वरचं किती गरम ते, खालचं किती वेळ ते, मधलं कुठून गरम ते. वरच्या-खालच्या बटणांवर आकडे होते. मधल्यावर नुसत्या खुणा.

“पंख्याचाच लावा,” रखमा म्हणाली. “बघूया तरी.”

लवूने धोंडसाचं भांडं आत ठेवून बटण फिरवलं. आत घरघर सुरू झाली. घंटी वाजल्यावर त्याने भांडं काढलं. रखमाने थोडं निवू दिलं आणि वरून बोट फिरवलं. मग बोट मधे खुपसलं.

“वरसून सुकान फुटला, मधी कच्चा,” ती म्हणाली. “पंखो गरमी फिरवता. सगळीकडसून एकदम लागता. ह्याका तसला चलाचा नाय. ह्याका सावकाश होया.”

दुसरा घाणा तिने दोन रेघांवर लावायला सांगितला, पंख्याशिवाय. काकडी किसायला पुन्हा तीच बसली. यावेळी वास हळूहळू खोलीभर पसरला, आणि घंटी वाजताच लवू उठायच्या आत तिनेच दार उघडून फडक्याने भांडं धरलं. बाहेर काढताना मनगट आतल्या वरच्या तापलेल्या कांडीला टेकलं.

भांडं तिने सोडलं नाही. ओट्यावर ठेवलं, मग हात नळाखाली धरला. मनगटावर लांब लाल पट्टा उठला होता.

“पुरे झाला ह्या,” लवू म्हणाला. “बंद करून टाकतंय.”

“चुलीर काय कमी भाजलंय मी?” रखमा म्हणाली. मग हळूच म्हणाली, “विश्रामाक सांगू नका.”

संध्याकाळी विश्राम धोंडसाचा तुकडा तोंडात टाकत होता तेव्हा त्याला ते मनगट दिसलं. “आई, हे काय?”

रखमाने मनगट पदराखाली घेतलं.

“माझ्या हातून थर्मासातला चहा सांडला,” लवू म्हणाला. “कढत होता.”

“बाबा, तुम्ही पण ना,” विश्राम म्हणाला. बराच वेळ तो बापाला नीट बघून काम करायला सांगत होता. लवूने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. सुनेने तुकडा खाल्ला, मनगटाकडे पाहिलं, ओव्हनकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना कोपरापर्यंत चढणारा एक जाड हातमोजा घेऊन आली.

मग रोज दुपारी लवू स्टुलावर बसू लागला. रखमा विचारायची, तो बटण फिरवायचा. बांगडे पंख्यावर चांगले होतात हे त्यांना कळलं, कातडी कुरकुरीत होते. वरची एकटी रेघ शेवटी थोडा वेळ, रंग यायला. खालची एकटी रेघ रखमाला कशाला ते अजून ठरवता आलं नव्हतं. भिंतीवरची लुगड्यांची पिशवी कधी रिकामी झाली ते लवूच्या लक्षात आलं नाही. संपानंतर इतकी वर्षं घरात त्याला दुपारी कुणी हाक मारली नव्हती. आता जेवून उठला की तो हात पुसून तयार असायचा.

त्यानेच एकदा रखमाच्या पाकिटातल्या टिकल्या घेतल्या आणि बटणाभोवती प्रत्येक खुणेपाशी चिकटवल्या. पहिल्या खुणेला एक, दुसरीला दोन, अशा. रखमाने त्यांवरून अंगठा फिरवला, बटण फिरवलं, परत फिरवलं.

“पंखो हय,” ती चौथ्या खुणेवर अंगठा ठेवून म्हणाली.

“हय,” लवू म्हणाला.

त्यानंतरच्या दुपारी तो स्टूल घेऊन आला तेव्हा रखमाने बांगड्यांना मसाला लावून ठेवला होता. हातात तो लांब मोजा चढवला होता.

“तुमी भायर बसा,” ती म्हणाली. “मधी मधी पाय येतत तुमचे.”

लवू थोडा वेळ दारात उभा राहिला. मग स्टूल घेऊन पॅसेजमध्ये गेला. समोरच्या दाराशी शामराव पेपर वाचत बसला होता. गिरणीत दोघं एकाच खात्यात होते.

“काय रे लवू, आज बाहेर?”

लवूने स्टूल भिंतीला टेकवलं आणि बसला.

“आत काम चालू आहे,” तो म्हणाला.