गाडीतला बिघाड

वडिलांना भरवशाची गाडी हवी होती, मुलाला नव्या जमान्याची. शेवटी त्याने वडिलांच्या आवडत्या कंपनीचीच, पण सगळ्या नव्या सोयी असलेली गाडी त्यांच्या दारात उभी केली आणि तो नोकरीच्या शहरी परतला.

तिथे मोबाइलवर गाडीच्या ॲपमध्ये बघावं तर रोज संध्याकाळी तासभर इंजिन सुरू, आणि गाडी जागची हललेली नाही! त्याने कंपनीला फोन करून झापलं, "एवढं नाव तुमचं, आणि ॲप धडधडीत खोटं दाखवतं?"

कंपनीचा मेकॅनिक वडिलांकडे जाऊन आला.

"साहेब, ॲप खरं तेच दाखवतंय. गाडीतही बिघाड नाही. सुरू केली की ती विचारते, 'नमस्कार, कसे आहात?'"

"बरं, मग?"



"काका तिला सांगत बसतात."