भुरक्याचा आवाज

राजदीप वॉर्डात शिरला, तेव्हा त्याचा आवाज त्याच्या आधीच तिथं पोचलेला होता.

भिंतीवरच्या टीव्हीत भुरक्या बोलत होता. भुरक्या म्हणजे एका विनोदी कार्टून मालिकेतला कुत्रा. शहरातलं शिकलेलं कुटुंब, घरातली माणसं छापील मराठी बोलणारी, आणि त्यांच्यात हा एकटाच वऱ्हाडी बोलणारा. त्यानं तोंड उघडलं की मागून हशा यायचा. तीन वर्षं राजदीप मुंबईत काचेच्या खोलीत उभं राहून भुरक्याचं बोलणं बोलत होता. घरी त्यानं एवढंच सांगितलं होतं, टीव्हीत काम करतो.

वॉर्डात बारा खाटा, आणि बाराही खाटांवर फवारणीतून उचलून आणलेली माणसं. त्या साली कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारा वर मारला की विष फिरून तोंडावरच येई. सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. टीव्ही ते नुसता ऐकत.

सातव्या खाटेवर त्याचा बाप, भीमराज. महागावकडं मजुरीनं फवारायला गेला आणि तिसऱ्या दिवशी वावरातच कोसळला. दोन्ही हात पट्टीनं खाटेच्या दांडीला बांधलेले होते. उशाशी आई, नलूबाई. लेकाला पाहून ती उठली नाही. खालच्या आवाजात म्हणाली, "दोनदा सुई उपटली त्यायनं. डॉक्टर म्हणते, आजचा दिवस औषध तुटलं नाही पाह्यजे. तुटलं तं श्वासाची मशीन लावा लागन."

राजदीप 'बाबा' म्हणायला गेला आणि थांबला. भीमराजनं मान टीव्हीकडं वळवली होती.

"राजदीप आला काय वं?"

"आला ना. हा काय, तुमच्या पायापाशी उभा हाये."

"नाही. तिकडं बोलून राह्यला थो."

टीव्हीत भुरक्यानं दूध सांडलं होतं. "मालक, मले काय माईत तुमचं दूध हाये म्हणून!" हशा. लगेच मालकाचा खणखणीत आवाज, "मूर्खा! आधी माणसासारखं बोलायला शीक!" त्याहून मोठा हशा.

भीमराजचं अंग ताठ झालं. "कोन हाये थो? कोन बोलून राह्यलं माह्या पोराले?"

"टीव्ही हाये गा भाऊ," शेजारच्या खाटेवरून पुंडलिकराव म्हणाले. "कार्टून हाये. कुत्रा बोलते त्याच्यात."

"कुत्रा?" भीमराज ओरडला. "माह्या पोराचा आवाज मले समजत नाही काय? सोडा मले!"

त्यानं हिसका दिला आणि उजव्या हाताची गाठ सुटली. खाट करकरली. सलाईनचा दांडा डोलला, नळीत लाल रक्त चढलं. नलूबाईनं त्याच्या हातावर अंग टाकलं. "सिस्टर! ओ सिस्टर!"

राजदीप जागचा हलला नाही. एक शब्द बोलला असता तर बारा माणसांना कळलं असतं की कुत्रा कोण आहे. आणि पुढचं त्याला पाठ होतं. पुढं भुरक्याला वाक्यच नव्हतं, नुसतं कुंई कुंई करायचं होतं. ते त्यानं तीन वेळा करून दाखवलं होतं, तेव्हा कुठं रेकॉर्डिंगच्या साहेबांना पसंत पडलं होतं.

टीव्हीतून ते आलं. बारीक, लांबलेलं, मार खाल्ल्यासारखं.

"मारून राह्यले वं त्याले!" भीमराजला हुंदका फुटला. सुई टेपसकट बाहेर आली.

तेव्हा राजदीप धावला. आधी त्यानं टीव्हीचं बटण दाबलं, मग येऊन बापाचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. "बाबा. मी हावो. हात धरून राह्यलो तुमचा."

आवाज सगळ्यांनी ओळखला होता. सिस्टर नवी सुई घेऊन उभी होती, पण मूठ इतकी आवळलेली की शीर सापडेना.

"मारलं तुले?" भीमराजनं विचारलं. त्याला धाप लागली होती.

"नाही मारलं."

"बोलला ना पन थो. आयकलं म्या."

"हाव. बोलला."

"मंग तू काय म्हटलं त्याले?"

खाटेखाटेवर पट्ट्या बांधलेली तोंडं त्याच्याकडं वळलेली होती. सिस्टर घाईनं म्हणाली, "सांगा ना काहीतरी!"

"म्या म्हटलं..." तो बोलला. "म्या म्हटलं, आमच्या घरी असंच बोलतेत. मी असाच बोलीन."

"मोठ्यानं म्हटलं?"

"मोठ्यानं."

भीमराजची मूठ हळूहळू सैल पडली. सिस्टरनं शीर धरली, सुई घातली. थेंब पुन्हा पडू लागले. पाचच्या फेरीला डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं आणि मशीन लागणार नाही म्हणून सांगितलं. भीमराजला झोप लागली होती.

पुंडलिकराव भिंतीकडं तोंड करून पडले होते. मालिका रोजची होती, मालकापुढं कुत्रा काय बोलतो ते त्यांना माहीत होतं.

पण वॉर्डात टीव्हीचा पडदा डोळ्यांनी पाहणारी नलूबाई एकटीच होती. मालकाच्या पायाशी शेपूट घालून बसलेला भुरक्या तिनं पाहिला होता. तिनं नवऱ्याच्या अंगावरची चादर सारखी केली आणि लेकाकडं न पाहता म्हणाली,

"आता जाशीन तवा खरंच म्हणजो."