लेकींची जागा

"लग्न होऊन बाहेर गेलेल्या लेकींना यापुढे बेटावरच्या दफनभूमीत जागा मिळणार नाही. मान्य असेल त्यांनी हात वर करा," फादर म्हणाले.

बेट एवढंसं, त्यात किनारा खचत चाललेला. सगळ्यांबरोबर नातालबाईंनीही हात वर केला.

माहेरपणाला आलेली ब्रिजित घरी तिसऱ्यांचे शिंपले साफ करत बसली होती. आईने सभेतला ठराव सांगितला, तशी ती थांबली.

"पप्पांच्या शेजारी तू आणि तुझ्या शेजारी मी, असंच धरून चालले होते गं," ती म्हणाली. "सासरी आता माझं कोण उरलंय?"

नातालबाई तशाच चर्चकडे परतल्या. "माझा हात मोजू नका, फादर."

"एक हात कमी झाल्याने ठराव फिरत नाही, बाई."

"ठाऊक आहे. लेकीला सांगण्यापुरता तरी कमी करा."